मातीचा घसारा कोणाच्या खाती?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यास-शिबिरातील भाषणाचा मजकूर)



जमीन हा विषय आपल्या शिबिरांना नवा नाही. कुळकायदा, कमाल जमीनधारणा, गायरानावरील अतिक्रमणे, भूमिहीनांना जमीनवाटप या प्रश्नांवर येथील अनेकांनी तुरुंग पाहिला आहे. त्या लढ्यांविषयी बोलण्याचा अधिकार माझ्यापेक्षा तुमचा अधिक आहे. मी आज थोड्या निराळ्या जमिनीविषयी बोलणार आहे. ही जमीन सातबाऱ्यावर आहे तेवढीच राहते, तिचे एकर-गुंठे बदलत नाहीत, तिच्यावर कोणी अतिक्रमण करीत नाही, आणि तरीही ती दर वर्षी थोडी थोडी नाहीशी होत जाते. ती वाऱ्याबरोबर जाते आणि पाण्याबरोबर जाते. यांपैकी वाऱ्याची बाजू आपल्याकडे फारशी चर्चेत येत नाही, म्हणून ती मी मुद्दाम निवडली आहे.

२०२२ सालच्या जानेवारीत, २३ तारखेच्या सुमारास, मुंबई-पुण्याकडील अनेकांनी सकाळी उठून पाहिले तेव्हा मोटारींच्या टपांवर आणि खिडक्यांच्या कठड्यांवर पांढरट धुळीचा थर बसला होता. सूर्य फिकट दिसत होता. ती धूळ आपल्या रस्त्यांवरची नव्हती. पाकिस्तान आणि त्यापलीकडचे कोरडे प्रदेश यांतून उठलेले वादळ कराचीवरून, अरबी समुद्र ओलांडून, आपल्या दारी आले होते. त्याला ना पासपोर्ट लागला ना व्हिसा. वर्तमानपत्रांनी दोन दिवस हवेच्या गुणवत्तेचे आकडे छापले, आणि विषय संपला. ही माती कोठून तरी उठली असेल, तेथे काही तरी उणे झाले असेल, हा प्रश्न कोणी विचारल्याचे मला आठवत नाही.

मी आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवले. तेव्हा आरंभी एक कबुली दिली पाहिजे. खंडाचा सिद्धांत शिकवताना मी दर वर्षी रिकार्डोपासून सुरुवात करीत असे. १८१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात त्याने खंडाची जी व्याख्या केली, तिच्यात जमिनीच्या अंगभूत शक्ती अविनाशी आहेत असे गृहीत धरलेले आहे. मी ती व्याख्या फळ्यावर लिहीत असे, विद्यार्थी ती उतरवून घेत, आणि परीक्षेत तीच मला परत मिळे. त्या ‘अविनाशी’ शब्दापाशी थांबून, हे खरे आहे काय, असे मी वर्गात एकदाही विचारले नाही. मी स्वतः सोलापूर जिल्ह्यातील एका कोरडवाहू शेतकऱ्याचा मुलगा. १९७२ च्या दुष्काळात मी अकरा-बारा वर्षांचा होतो. पीक नसलेल्या उघड्या रानातून उठणारे धुळीचे लोट मी पाहिले होते. आई खडी फोडून संध्याकाळी घरी येई तेव्हा तिच्या भुवया धुळीने पांढऱ्या झालेल्या असत. इतके पाहूनही ग्रंथातला शब्द मला खरा वाटला. शिक्षणाने माणूस काय काय विसरू शकतो याचे हे एक उदाहरण समजा.

वारा माती नेतो म्हणजे नेमके काय करतो? ब्रिटिश लष्करी अभियंता बॅगनॉल्ड याने लिबियाच्या वाळवंटात भटकंती करून आणि प्रयोगशाळेत वाऱ्याचे बोगदे बांधून १९४१ साली याविषयी पायाभूत ग्रंथ लिहिला. पुढे अमेरिकेतील कॅन्सस राज्यात चेपिल या मृदाशास्त्रज्ञाने तेच काम शेतजमिनीवर केले. मातीचे कण तीन प्रकारांनी चालतात. अर्ध्या मिलिमीटरहून मोठे कण जमिनीवर सरपटत जातात. मध्यम कण, म्हणजे मिलिमीटरच्या एक-दशांशापासून अर्ध्यापर्यंतचे, उड्या मारीत जातात. वर उचलले जातात, थोडे अंतर तोडतात आणि आपटतात. याहून बारीक कण हवेत तरंगतात आणि शेकडो, कधी हजारो मैल जातात. गंमत अशी की, सर्वांत बारीक कण वारा सहसा आपण होऊन उचलू शकत नाही, कारण ते एकमेकांना चिकटून बसलेले असतात. उड्या मारणारे मध्यम कण त्यांच्यावर आपटतात आणि त्यांना मोकळे करतात. म्हणजे एका कोपऱ्यात सुरू झालेली धूप पुढच्या शेताला सुरुंग लावीत जाते. शेजाऱ्याच्या उघड्या रानाचा आपल्या रानाशी संबंध नाही असे म्हणण्याची सोय वारा ठेवीत नाही. शिवाय वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर माती वाहून नेण्याची त्याची शक्ती ढोबळमानाने आठपट होते.

या नुकसानीचे माप डोळ्यांना दिसत नाही. एक हिशेब सांगतो, कागदावर करून पाहा. एक हेक्टर रानावरून केवळ एक मिलिमीटर जाडीचा थर गेला तर दहा घनमीटर माती गेली, म्हणजे सुमारे तेरा टन. एकरी सव्वापाच टन. एक मिलिमीटर म्हणजे पोस्टकार्डाच्या तीन-चार जाड्या. एवढी माती उतरली तर मालकाला पत्ताही लागत नाही. आणि बोटभर जाडीची माती निसर्गाला नव्याने घडवण्यास शेकडो वर्षे लागतात.

येथवर मी वजनाचा हिशेब सांगितला. पण वजनाचा हिशेब अपुरा आहे, कारण वारा माती सरसकट नेत नाही, तो पाखडतो. सुपात धान्य पाखडताना जड दाणा राहतो आणि हलके उडते. शेतात नेमके उलटे नुकसान होते. जड वाळू मागे राहते आणि हलका असतो तोच ऐवज जातो. चिकणमातीचे बारीक कण, कुजलेले सेंद्रिय द्रव्य आणि त्यांना धरून असलेले नत्र व स्फुरद उडून जाते. म्हणून उडालेली धूळ ही, ज्या शेतातून ती उडाली त्या शेतापेक्षा, बहुधा अधिक कसदार असते. आणि याच बारीक कणांना, याच सेंद्रिय द्रव्याला चिकटून मातीतले सूक्ष्मजीव राहतात.

सुपीक मातीच्या एका ग्रॅममध्ये, म्हणजे चिमूटभर मातीत, शंभर कोटींच्या घरात जीवाणू असू शकतात. त्यांच्या जोडीला बुरशीचे तंतू असतात. यांतील काही जीवाणू हवेतील नत्र पिकाला मिळवून देतात. तुरीच्या, हरभऱ्याच्या मुळांवरील गाठी तुम्ही पाहिल्या आहेत. काही बुरशी मुळांशी भागीदारी करून दूरचे स्फुरद आणून देतात व बदल्यात साखर घेतात. काही जीव काडीकचरा कुजवतात. यांखेरीज ते आणखी एक काम करतात, आणि आजच्या विषयात ते महत्त्वाचे आहे. बुरशीचे तंतू आणि जीवाणूंचे चिकट स्राव मातीचे सुटे कण बांधून त्यांचे रवे करतात. असा रवा वाऱ्याला उचलत नाही. म्हणजे सूक्ष्मजीव हे मातीचे पहारेकरी आहेत. वारा पहारेकऱ्यांनाच पळवून नेतो, आणि पुढच्या वर्षी वाडा अधिक उघडा पडतो. हे दुष्टचक्र आहे.

उडालेल्या जीवांचे पुढे काय होते? अमेरिकेतील टेक्सस राज्यात लबक व बिग स्प्रिंग येथील कृषिसंशोधकांनी शेतातील माती व तिच्यातून उडालेली धूळ यांतील जीवाणूंची डीएनएच्या आधारे तुलना केली. दोन्हींतील समूह सारखे नसतात. जाड कणांबरोबर जाणारे वेगळे, बारीक धुळीबरोबर दूर जाणारे वेगळे. उन्हातील अतिनील किरण आणि कोरडेपणा यांनी पुष्कळ जीव वाटेतच मरतात. जाड कवचाचे बीजाणू धारण करणारे तगतात. ते कोठे तरी उतरतात, समुद्रात, दुसऱ्याच्या शेतात किंवा कोणाच्या फुप्फुसात. त्याच लबकच्या परिसरात २०१५ साली असेही दाखवून देण्यात आले की, मांसासाठी हजारो गुरे कोंडून पोसणाऱ्या वाड्यांवरून येणाऱ्या धुळीत प्रतिजैविके आणि त्यांना दाद न देण्याची जनुके दोन्ही असतात. नफा वाड्याच्या मालकाचा आणि धूळ वाऱ्याच्या दिशेला राहणाऱ्या प्रत्येकाची.

आता आपण इतिहासाकडे वळू. धुळीचे सर्वांत गाजलेले प्रकरण १९३० च्या दशकातील अमेरिकेचे. दक्षिणेकडील विस्तीर्ण गवताळ मैदाने, म्हणजे कॅन्सस, कोलोरॅडो, ओक्लाहोमा, टेक्सस व न्यू मेक्सिको यांचे एकमेकांना लागून असलेले भाग. तेथील मूळच्या रहिवाशांना हुसकावून ती जमीन वसाहतकऱ्यांना वाटण्यात आली. १८६२ च्या कायद्याने १६० एकर, १९०९ च्या कायद्याने कोरड्या भागात ३२० एकर. पहिल्या महायुद्धात गव्हाचा भाव बुशेलला दोन डॉलरांच्या वर गेला आणि सरकारने अधिक गहू पिकवण्याचे आवाहन केले. ट्रॅक्टर आला, तव्यांचा नांगर आला. युद्ध संपले, भाव कोसळले, पण ट्रॅक्टरचे हप्ते उरले. हप्ता ठरलेला आणि भाव घसरलेला असेल तर शेतकरी काय करतो? अधिक जमीन नांगरतो. प्रत्येकाने आपल्यापुरता शहाणपणाचा निर्णय घेतला आणि सर्वांच्या शहाणपणाची बेरीज विनाशात झाली. १९२५ ते १९३० या काळात त्या भागात आणखी सुमारे ५० लाख एकर गवत उलथले गेले. १९३१ साली पीक उदंड आले आणि भाव ४० सेंटांच्या आसपास, कोठे त्याहूनही खाली गेला. मग पाऊस थांबला. गवताची मुळे नव्हती, पीक नव्हते, मातीचे रवे फुटले होते. मे १९३४ मध्ये उठलेल्या एका वादळाची धूळ न्यूयॉर्क व वॉशिंग्टन ओलांडून अटलांटिक महासागरातील जहाजांवर पडली. १४ एप्रिल १९३५ चा रविवार तर ‘काळा रविवार’ म्हणूनच ओळखला जातो. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत, २७ एप्रिलला, मृदसंधारणाचा कायदा झाला. ह्यू बेनेट हा मृदाशास्त्रज्ञ वर्षानुवर्षे जे ओरडून सांगत होता ते राजधानीच्या खिडक्यांवर धूळ बसल्यानंतर प्रतिनिधींना पटले.

त्या संकटाची किंमत कोणी दिली, हा आपला प्रश्न. १९३३ पासून सरकारने पीकक्षेत्र कमी करण्यासाठी पैसे दिले, पण ते मालकांच्या हाती. धुळीच्या पट्ट्याच्या पूर्वेस, कापसाच्या मुलखात, मालकांनी ते पैसे घेतले, जमीन पड ठेवली आणि वाटेकऱ्यांना घराबाहेर काढले. पुष्कळांनी त्या पैशातून ट्रॅक्टर घेतले. पश्चिमेकडे निघालेल्या निर्वासितांत धुळीने उठवलेल्यांपेक्षा अशा रीतीने मालकांनी उठवलेले लोक अधिक होते. आर्कान्सासमध्ये जुलै १९३४ मध्ये गोऱ्या आणि काळ्या वाटेकऱ्यांनी, त्या काळी, एकत्र येऊन संघटना उभी केली. तिला समाजवादी नेते नॉर्मन थॉमस यांचा पाठिंबा होता. त्या संघटनेवर झालेल्या अत्याचारांची कथा निराळी आहे. पण धुळीच्या इतिहासात तिचे पान नसेल तर तो इतिहास अर्धा आहे.

आणि सूक्ष्मजीवांनी येथेही आपला भाग घेतला. हे विस्थापित लोक मजुरीसाठी कॅलिफोर्नियातील सॅन वाकीन खोऱ्यात पोचले. त्या खोऱ्याच्या मातीत एक बुरशी राहते. माती उकरली, वारा सुटला, की तिचे बीजाणू श्वासाबरोबर फुप्फुसात जातात. ताप, खोकला, अंगावर गाठी, आणि काहींच्या बाबतीत मृत्यू. तेथील लोक त्याला ‘खोऱ्याचा ताप’ म्हणत. १९३६-३७ मध्ये मर्नी गिफर्ड व अर्नेस्ट डिक्सन या डॉक्टरांनी हा ताप आणि ती बुरशी यांचे नाते उलगडले. बाहेरून नव्याने आलेल्यांच्या शरीराला त्या बुरशीची ओळख नव्हती, त्यामुळे हे मजूर तिला सहज बळी पडले. एका धुळीतून सुटलेली माणसे दुसऱ्या धुळीत सापडली. डिसेंबर १९७७ मध्ये त्याच खोऱ्यातून उठलेल्या वादळाने हा रोग शेकडो मैल उत्तरेकडे नेला. आजही त्याचा जाच शेतमजूर, बांधकाम-मजूर आणि त्या भागातील तुरुंगांतले कैदी यांना अधिक होतो. धूळ सर्वांवर सारखी पडते हे खरे नाही.

साथींनो, येथवर तुम्ही माना डोलावल्या, कारण हे सारे आपल्या मताला अनुकूल आहे. नफ्यासाठी चाललेली शेती मातीला लुटते. मार्क्सने लिबिगचा मृदाशास्त्रावरील अभ्यास वाचून ‘कॅपिटल’च्या पहिल्या खंडात हाच निष्कर्ष काढला होता, कामगाराबरोबर मातीचीही लूट होते असा. आता मी दुसरे उदाहरण सांगतो, आणि ते आपल्याला गैरसोयीचे आहे.

१९५४ साली सोव्हिएत युनियनमध्ये ख्रुश्चेव्ह यांनी ‘पडीक जमीन’ मोहीम सुरू केली. कझाकस्तान व सैबेरियाची गवताळ मैदाने नांगरून देशाची धान्यटंचाई कायमची मिटवायची होती. कझाक नेतृत्वाला शंका होत्या. ती जमीन त्यांच्या मेंढपाळांची कुरणे होती. ते नेतृत्व बदलण्यात आले. लाखो तरुण उत्साहाने गेले. त्यांच्या निष्ठेविषयी मला आदरच आहे. काही वर्षांत सुमारे चार कोटी हेक्टर जमीन नांगराखाली आली. १९५६ चे पीक विक्रमी होते. तेथे जमीनदार नव्हता, सावकार नव्हता, बँकेचा हप्ता नव्हता. पण वरून आलेले लक्ष्यांक होते. बारायेव हे शास्त्रज्ञ सांगत होते की जमीन उलथू नका, धसकटे उभी ठेवा, काही भाग दर वर्षी पड ठेवा. कुर्गान प्रांतातील माल्त्सेव्ह नावाचा एक साधा शेतकरीही स्वतःच्या प्रयोगांतून माती न उलथणाऱ्या नांगरटीपर्यंत पोचला होता. पड ठेवायची म्हणजे लक्ष्यांक चुकणार. बारायेव यांनाच बोल लावण्यात आला. १९६० नंतर कझाकस्तानात काळी वादळे उठू लागली, आणि १९६३ साली जगातील सर्वांत विस्तीर्ण देशाला बाहेरून गहू विकत घ्यावा लागला. ख्रुश्चेव्ह सत्तेवरून गेल्यानंतर बारायेव यांची पद्धत स्वीकारण्यात आली आणि १९७२ साली त्यांना लेनिन पारितोषिक मिळाले. माती मात्र तोवर गेली होती.

यातून मी कोणता धडा घेतो? मालकी बदलणे आवश्यक आहे, पण पुरेसे नाही. ओक्लाहोमात निर्णय बाजारभावाने घेतला, कझाकस्तानात तो नियोजन-कचेरीने घेतला. दोन्हीकडे, ज्याच्या छातीत धूळ जाणार होती त्याला कोणी विचारले नाही. भांडवलशाही व साम्यवाद यांचे यंत्रविषयक आणि केंद्रीकरणविषयक विचार एकाच मुशीतले आहेत, हे डॉ. लोहियांनी १९५२ साली पंचमढीला सांगितले होते. तेव्हा ते अनेकांना अतिरेकी वाटले होते. कझाकस्तानच्या धुळीने त्यांचा मुद्दा पुराव्यासह मांडला.

या दोन्ही कथा पुढे एकमेकींत मिसळतात. १९७२ साली सोव्हिएत पीक पुन्हा बुडाले आणि त्यांनी अमेरिकेकडून प्रचंड गहू उचलला. जागतिक भाव दोन वर्षांत दुपटीहून अधिक झाले. तेच वर्ष महाराष्ट्रातील दुष्काळाचे होते, आणि आपल्या देशाला धान्य हवे होते ते या चढ्या बाजारात. अमेरिकेच्या शेतीमंत्र्यांनी शेतकऱ्यांना कुंपणापासून कुंपणापर्यंत पेरा असे सांगितले. १९३४ ते १९४२ या काळात सार्वजनिक खर्चाने लावलेल्या सुमारे २२ कोटी झाडांच्या वारा-अडवणाऱ्या पट्ट्यांपैकी कित्येक तोडले गेले. १९७७ साली धूळ पुन्हा उठली. १९८५ मध्ये नाजूक जमीन पड ठेवण्यासाठी पुन्हा सरकारी पैसे सुरू करावे लागले. एका पिढीने शिकलेला धडा भाव चढताच दुसरी पिढी विसरते.

या सगळ्याला अर्थशास्त्राच्या भाषेत काय म्हणावे? कारखान्यातील यंत्र झिजते तेव्हा हिशेबनीस दर वर्षी घसारा लिहितो. त्याखेरीज नफा ठरत नाही. शेतातील माती झिजते तेव्हा घसारा कोणाच्याच खाती पडत नाही. शेतकऱ्याच्या हिशेबात नाही, व्यापाऱ्याच्या नाही, राष्ट्रीय उत्पन्नाच्या आकड्यांत तर नाहीच. उलट उडालेल्या कसाची भरपाई म्हणून विकत घेतलेले रासायनिक खत कारखान्याचे उत्पन्न म्हणून मोजले जाते. के. विल्यम कॅप यांनी १९५० साली खाजगी उद्योगाच्या सामाजिक खर्चांवर पुस्तक लिहिले. त्यात मातीच्या धुपीला त्यांनी कारखान्याच्या धुराच्या बरोबरीचे स्थान दिले होते. आम्ही अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनी ते ग्रंथालयात ठेवले आणि रिकार्डो शिकवत राहिलो.

आता आपल्या घराकडे. प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे की, महाराष्ट्रात माती प्रामुख्याने पाण्याने वाहते. वाऱ्याची धूप हा देशात मुख्यतः पश्चिम राजस्थानचा प्रश्न आहे. जोधपूरला १९५२ साली वाळवंटात वने उभारण्याचे केंद्र निघाले व १९५९ पासून ती शुष्क प्रदेशाची मध्यवर्ती संशोधन संस्था झाली. टेकड्यांवर काटक्यांचे चौकोनी आडोसे रोवून वाळू थोपवण्याचे, झाडांचे पट्टे उभारण्याचे मोठे काम तिने केले. पण मारवाडचा शेतकरी बाजरीच्या रानात खेजडीची झाडे राखीत असे, त्या झाडांनी वारा अडे, पाल्यावर जनावरे जगत. ट्रॅक्टरला झाड अडचणीचे वाटते. हेच थोड्या प्रमाणात आपल्याकडेही घडते आहे. बांधावरची बाभूळ गेली, बांधच बारीक झाला. काळ्या रानाची नांगरट केली की पूर्वी ढेकळे उभी राहत. त्या ढेकळांवर वारा काही करू शकत नाही. आज त्याच रानात रोटाव्हेटर फिरतो आणि मातीचे पीठ होते. जूनचा वारा सुटला, पाऊस लांबला, की त्या पिठाचे काय होते ते पाहण्यासाठी अमेरिकेला जाण्याची आवश्यकता नाही.

यावर मागे एका तरुण साथीने मला प्रश्न विचारला होता. “सर, धसकटे रानात ठेवा म्हणता, मग बैलाला काय घालू? खंडाने केलेल्या जमिनीत शेणखत टाकले तर पुढच्या वर्षी मालक ती दुसऱ्याला देईल. मग मी खत का टाकू?” हा प्रश्न कोणत्याही मृदाशास्त्राच्या पुस्तकापेक्षा मोठा आहे. कॅनडातील शेतकरी धसकटे ठेवू शकतो, कारण त्याचे चार पाय असलेले भांडवल त्यावर जगत नाही. आपला कडबा म्हणजे जनावराचे वर्ष आहे. आणि आपल्याकडचे बहुतेक खंड तोंडी आहेत, वर्षाच्या बोलीचे. ज्याला उद्याची खात्री नाही त्याने शेकडो वर्षांची माती सांभाळावी, हा उपदेश निर्लज्जपणाचा आहे. म्हणून मातीचा प्रश्न आणि कसणाऱ्याच्या हक्काचा प्रश्न हे वेगळे नाहीत. आपले जुने लढे जुने झालेले नाहीत, त्यांना एक नवे कारण मिळाले आहे.

माझ्या वडिलांची एक आठवण सांगतो. सोलापूरला १९३३ च्या सुमारास कोरडवाहू शेतीचे संशोधन सुरू झाले. १९४२ साली मुंबई इलाख्यात जमीनसुधारणेचा कायदा झाला आणि त्यातून बांधबंदिस्तीची कामे पुढे कित्येक वर्षे चालली. असा एक बांध आमच्या शेतातूनही गेला. विचार चांगला होता, शास्त्रही खरे होते. पण आखणी करणाऱ्यांनी वडिलांना एका शब्दाने विचारले नाही. बांध रानाच्या मधोमध तिरका गेला, पाळी घालताना दर वेळी बैल वळवावे लागत. वडील दर वर्षी नांगराचे एक तास बांधाकडे सरकवीत. मी नववीत होतो तोवर तो बांध सपाट झाला होता. पुढे मोठ्या पावसाने त्याच जागी घळ पडली. वडील त्या घळीकडे पाहून काही बोलले नाहीत. चूक कोणाची होती? मला वाटते, न विचारणाऱ्यांची पहिली, आणि मग आमची.

तेव्हा आपण काय करावे? मी चार गोष्टी सुचवतो. पहिली, खंडकरी व वाटेकरी यांच्या नोंदीची आणि बहुवर्षीय कराराची मागणी मातीच्या कारणानेही लावून धरावी. दुसरी, १९७२ च्या दुष्काळातून आणि १९७७ च्या कायद्यातून महाराष्ट्राने देशाला रोजगार हमीची कल्पना दिली. त्या कल्पनेत मजुराचे काम आणि मातीचे रक्षण एकत्र आले होते. सार्वजनिक कामांच्या पैशातून बांधावर झाडे, गायरानावर गवत आणि चाऱ्याची सोय व्हावी, म्हणजे धसकट रानात ठेवणे गरिबाला परवडेल. तिसरी, मळणी, खाणकाम आणि बांधकाम येथील धूळ हा मजुराच्या आरोग्याचा प्रश्न म्हणून आपल्या संघटनांच्या मागणीपत्रात यावा. चौथी, प्रत्येक शाखेने आपल्या गावातील दोन-तीन रानांच्या मातीतील सेंद्रिय कर्ब दर वर्षी तपासून घ्यावा व ते आकडे ग्रामसभेत वाचून दाखवावेत. राष्ट्रीय उत्पन्नाच्या खात्यात घसारा लिहिला जाईल तेव्हा जाईल, गावाच्या खात्यात तो उद्यापासून लिहिता येईल. आणि बांध कोठून न्यायचा हे गावाने ठरवावे. शास्त्रज्ञाने सल्ला द्यावा, पण दोरी शेतकऱ्याच्या हाती असावी.

हे सारे लहान वाटेल. मोर्चात यासाठी घोषणा नाही, निवडणुकीत यावर मते नाहीत. पण समता म्हणजे केवळ आजच्या माणसांत वाटणी नव्हे. पुढे जन्मणाऱ्यांचाही त्यात वाटा आहे, आणि ते मोर्चा काढू शकत नाहीत. आपण जी जमीन भूमिहीनांना मिळवून देण्यासाठी झगडतो, ती त्यांच्या नातवंडांच्या हाती पडेल तेव्हा तिच्यात माती शिल्लक असली पाहिजे.

आता प्रश्न विचारा. विशेषतः जे स्वतः शेत कसतात त्यांनी आधी विचारावेत.